तासाचा दर की कामाचा खर्च?

एआय मॉडेलसाठी जीपीयू कार्ड तासाच्या भाड्याने घेताना बरेच जण म्हणतात, "जुनं कार्ड तासाला स्वस्त पडतं, मग नवं कशाला?" मला हा मुद्दा अर्धाच पटतो. हिशेब तासाचा नको, कामाचा करा. दर तिप्पट असला तरी काम चौपट लवकर उरकलं, तर महाग दिसणारं कार्डच स्वस्त पडतं.

पण नवं ते वेगवान, असंही डोळे झाकून धरू नका. एनव्हिडिया कंपनीची दोन कार्डं, २०१७ चं व्ही१०० आणि २०२३ चं एल४, शेजारी ठेवा. व्ही१०० च्या मेमरीचा वेग सेकंदाला ९०० जीबी, एल४ चा फक्त ३००. सात अब्ज पॅरामीटरचं (म्हणजे शिकलेल्या आकड्यांचं) भाषा-मॉडेल १६ बिटमध्ये, म्हणजे आकड्याला दोन बाइट धरून, १४ जीबी भरतं आणि एकेक टोकन (शब्द किंवा त्याचा तुकडा) काढताना ते सगळं मेमरीतून वाचावं लागतं. म्हणजे एका वेळी एकच विनंती असेल, तर व्ही१०० वर सेकंदाला फार तर ६४ टोकन, एल४ वर २१. (व्ही१०० घ्याल तर ३२ जीबीचं घ्या, १६ मध्ये जेमतेम मावतं.)

ट्रेनिंगसाठी मात्र व्ही१०० च्या वाटेला जाऊ नका. त्यात बीफ्लोट१६, म्हणजे फार मोठे आकडेही सांभाळणारी १६ बिटची पद्धत, नाही. मी एकदा पैसे वाचवायला गेलो, रात्रभर रन लावला आणि सकाळी बघतो तर लॉसच्या (मॉडेल किती चुकतंय त्या मापाच्या) जागी एनएएन, म्हणजे 'हा आकडाच नाही'! भाडं चालूच होतं, अर्थात. शिवाय मॉडेलचं गणित वेगाने करणाऱ्या फ्लॅशअटेन्शन-२ या कोडला अँपिअर (ए१०० ची पिढी) किंवा त्यापुढचंच कार्ड लागतं आणि कुडा १३ ने, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डांसाठीच्या सॉफ्टवेअरच्या या आवृत्तीने, व्होल्टाला (व्ही१०० च्या पिढीला) रामराम ठोकलाय.

ट्रेनिंगसाठी माझं मत ए१०० ला. त्याच्या पुढच्या पिढीचं एच१०० घ्यायचंच असेल तर आधी तासभर आपलाच कोड दोन्हींवर पळवून बघा. डेटा येईपर्यंत कार्ड रिकामं बसत असेल तर दोन्ही सारखीच.