आधी जे सेम आहे ते खोडा

गिटारच्या आवाजाला घाण (ओव्हरड्राइव्ह) आणणाऱ्या पेडलचं स्किमॅटिक, म्हणजे सर्किटचा नकाशा, उघडलं की नुसतं रेषांचं जाळं दिसतं, असं तुम्ही म्हणताय. माझं पण तेच व्हायचं, डावीकडून एकेक रेझिस्टर वाचत बसायचो आणि अर्ध्यात कंटाळा. मग ट्यूब स्क्रीमर टीएस८०८ आणि बॉस एसडी-१ या दोन ओव्हरड्राइव्ह पेडलच्या प्रिंट शेजारी ठेवल्या आणि दोन्हीकडे जे एकच काम करतंय त्यावर पेन्सिलने काट मारत गेलो. इनपुट बफर (आत येणारा सिग्नल सांभाळणारा भाग) काट, आउटपुट बफर काट, ९ व्होल्टचे अर्धे करणारा भाग काट... उरला ऑपॅम्प, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप!

आता गंमत बघा, ऑपॅम्पच्या मायनस पायापासून ग्राउंडकडे जाणारे ४.७ के (किलोओहम) रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरड कपॅसिटर दोन्हीकडे सेम टू सेम, म्हणजे साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन (आवाज किती पट वाढतो ते) उतरत जातो आणि बेस कमी घाण होतो. फरक आहे तो फीडबॅकमधल्या, म्हणजे ऑपॅम्पच्या आउटपुटकडून परत मायनस पायाकडे येणाऱ्या वाटेतल्या, वेव्हची टोकं कापणाऱ्या डायोडमध्ये, स्क्रीमरला एक इकडे एक तिकडे, एसडी-१ ला एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक, म्हणजे वेव्हची एक बाजू आधी कापली जाते. ड्राइव्हचा पॉट (घाण कमी-जास्त करायचं बटण) पण ५०० के विरुद्ध १ मेग.

टीएस८०८ आणि त्याचंच नंतरचं मॉडेल टीएस९ यावरून लोक भांडतात ना, तिथे मुख्य फरक आउटपुटच्या शेवटच्या दोन रेझिस्टरचा, टीएस८०८ च्या १०० ओहम-१० के च्या जागी टीएस९ ला ४७० ओहम-१०० के. माझ्या कानाला तरी काही कळलं नाही बुवा.

रॅट या डिस्टॉर्शन पेडलचं स्किमॅटिक नंतर घ्या, त्यात डायोड ऑपॅम्पच्या पुढे थेट ग्राउंडला जातात.