‘बर्फाचा बर्फ होतो’? स्नो, आइस आणि फिर्न

प्रश्न : अकरावीला भूगोल शिकवते. स्नो दाबला जाऊन आइस बनतो, हे सांगताना परवा फळ्यावर ‘बर्फाचा बर्फ होतो’ असं लिहून बसले. दोन्हींना वेगळे शब्द कसे ठरवावेत? आणि मधल्या दाणेदार थराला, म्हणजे फिर्नला, काय म्हणावं?

उत्तर १ : फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आभाळातून पडतो तो स्नोच. गोठलेल्या पाण्याला तिथे ‘यख’ म्हणतात. आपल्याला बर्फ भेटला तो लादीचा नाहीतर गोळ्याच्या गाडीवरचा, त्यामुळे अर्थ सरकला असावा. ‘हिम’ तर घरचाच शब्द. हिंव, हिवाळा, हिवताप ही त्याचीच लेकरं, पण त्यांच्यात नुसती थंडी उरली. म्हणून वर्गात पडतं ते हिम आणि गोठून घट्ट होतो तो बर्फ, अशी वाटणी करा. हिमनदीत बहुतेक बर्फच असतो, पण रुळलेला शब्द मोडू नये.

एक वापर मात्र मला खरंच खटकतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवत पांढरं झालं की ‘हिमकण पडले’ अशी बातमी येते. वरून काहीच पडलेलं नसतं. निरभ्र रात्री उष्णता गमावून पाती शून्याखाली जातात आणि त्यांच्यावरचं दव गोठतं, किंवा हवेतल्या बाष्पाचे थेट स्फटिक धरतात. ‘दव गोठलं’ म्हटलं तर निदान क्रियापद तरी खरं बोलेल.

फिर्न हा जर्मन शब्द, मूळ अर्थ ‘गेल्या वर्षीचं’. ताजं हिम घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो भरतं, फिर्न 400 च्या पुढे. 830 च्या आसपास कणांमधल्या हवेच्या वाटा बंद होतात, बुडबुडे कोंडले जातात आणि तिथून पुढे तो बर्फ. मी फिर्नला ‘मुरलेलं हिम’ म्हणतो.

उत्तर २ : ‘मुरणं’ म्हटलं की पाणी झिरपणं आठवतं. अंटार्क्टिकाच्या आतल्या भागात हिम वितळतच नाही, तरी फिर्न बनतं.

उत्तर १ : बरोबर, तिथे वरच्या थरांचं वजन आणि काळच काम करतात. पण मुरांबाही बरणीत नुसता ठेवूनच मुरतो ना? मला तोच अर्थ हवा आहे. शिवाय हिमालयात उन्हाळ्यात वितळलेलं पाणी खालच्या थरांत खरोखरच मुरतं.

प्रश्नकर्ती : मुरांब्याचं मुलांना लगेच कळेल. सोमवारी फळ्यावर लिहिते : हिम पडतं, मुरतं, मग त्याचा बर्फ होतो.