गोदावरी फ्रिगेट म्हणजे 'लिअँडरची नक्कल'? हे मान्य नाही

पंचवटीकर
काल इथे एका सभासदाने लिहिलं, "आयएनएस गोदावरी म्हणजे इंग्रजांच्या लिअँडरचा सांगाडा आणि वर रशियन क्षेपणास्त्रं. नुसतं नदीचं नाव दिलं म्हणून नाशिककरांनी छाती फुगवू नये." वाचून राहवलं नाही.

लिअँडर म्हणजे इंग्रजी आराखड्याची फ्रिगेट, मध्यम आकाराची युद्धनौका. पण गोदावरीचा सांगाडा तिचा नव्हताच. माझगाव गोदीतली पहिली लिअँडर निलगिरी (1972) होती 113 मीटर लांब. गोदावरी 126.4 मीटर, वजन 3,600 टनांच्या घरात, म्हणजे सव्वापटीहून जास्त. इंजिनं मात्र तीच ठेवली: दोन बॉयलर, दोन टर्बाईन, 30,000 अश्वशक्ती. आणि तरी वेग 27 नॉट, जेमतेम एखाद्या नॉटने कमी! जोरात निघालेलं जहाज स्वतःच उठवलेल्या लाटेला अडतं. लांबी वाढली की त्याच वेगाला ती लाट कमी अडवते. हे गणित आपल्या नौदलाच्या डिझाईन विभागाने सोडवलं. निलगिरीवर एक छोटं अलुएट हेलिकॉप्टर मावायचं, तारागिरी-विंध्यगिरीवर कशीबशी जागा काढून एक मोठं सी किंग हेलिकॉप्टर. गोदावरीवर दोन सी किंग. याला नक्कल म्हणतात?

गंगापूर रोड
ते वाक्य माझंच आहे आणि मी मागे घेत नाही. बॉयलर-टर्बाईन इंग्रजी वळणाचे. 57 मिमीची जोडतोफ, स्टिक्स आणि ओसा-एम क्षेपणास्त्रं, सगळं रशियन. सी किंग इंग्लंडचं. घर आपण बांधलं हो, पण चूल, भांडी, शिधा बाहेरचा. आणि मालदीवला खडकावर चढली ती हीच ना?

पंचवटीकर
नाही. 1976 साली खडकावर चढली ती आधीची गोदावरी. मूळची 'बेडेल' नावाची हंट वर्गातली इंग्रजी विनाशिका. ही 10 डिसेंबर 1983 ला दाखल झाली. आधी कोणत्या गोदावरीबद्दल बोलताय ते ठरवा.

सातपूर इलेक्ट्रिकल
"चूल बाहेरची" इतकं सोपं नाही ते. इंग्रजी परंपरेतल्या जहाजावर वीज 440 व्होल्ट, 60 हर्ट्झ. रशियन सामग्री मागते 380 व्होल्ट, 50 हर्ट्झ. 50 ची मोटर सरळ 60 वर जोडली तर वीस टक्के जोरात पळते. पंख्यावर तो भार वेगाच्या घनाने चढतो, म्हणजे 1.2 चा घन, पावणेदोन पटीच्या आसपास. मोटर तापणार, रिले उडणार, नाहीतर वाइंडिंग जळणार. म्हणून मध्ये कन्व्हर्टर, वेगळे पॅनेल, वेगळं अर्थिंग. त्यावर पाश्चात्त्य रडारकडून आलेली माहिती रशियन तोफेला समजेल अशी करून द्यायची. रशियाने ते करून दिलं नव्हतं आणि इंग्लंडनेही नाही.

एकलहरे बॉयलर
माझं दुखणं वेगळंच आहे. 1983 साली वाफ कशाला? रजपूत विनाशिका 1980 मध्येच गॅस टर्बाईनवर आली होती. थंड बॉयलर पेटवून दाब चढवायला तास न् तास जातात. घाई केली तर बॉयलरच्या ड्रमवर ताण येतो, विटांचं अस्तर तडकतं. आणि खरा शत्रू कंडेन्सर, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणारं यंत्र. आमच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्याची नळी गळली तर आत गोदावरीचं गोडं पाणी शिरतं. जहाजावर शिरतो समुद्र, लिटरमागे 35 ग्रॅम मीठ. फीड वॉटरच्या, म्हणजे बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की पाणी दुधाळ होतं, आणि तिथेच छातीत धस्स होतं. क्लोराइड नळ्या आतून खातं, पाण्याला फेस येतो, वाफेबरोबर थेंब टर्बाईनच्या पात्यांवर आपटतात. मग ते इंजिन बंद करा, गळकी नळी हुडका, दोन्ही तोंडांना बूच ठोका. तोवर जहाज एका पायावर.

पंचवटीकर
औष्णिक केंद्राच्या फुटपट्टीने युद्धनौका मोजू नका. तुमच्या 210 मेगावॉटच्या संचात दाब हिच्या तिपटीहून जास्त. इथे 550 पीएसआय, साधारण 450 अंश. म्हणून तर ते बॉयलर दमदार होते.

एकलहरे बॉयलर
दाब कमी असला म्हणून मीठ गोड होत नाही! चूक पुढेही चालू राहिली. हिच्याच आराखड्यावरच्या ब्रह्मपुत्रा वर्गातली बियास 2005 मध्ये दाखल झाली, तीही वाफेवर. 2023 मध्ये तिची वाफ काढून डिझेल बसवायचा करार करावा लागला, कोचीन शिपयार्डशी, 313 कोटींवर. याचं उत्तर द्या.

सातपूर इलेक्ट्रिकल
रजपूतच्या टर्बाईन युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या. सुट्या भागांसाठी तिकडे तोंड. लिअँडरची वाफ सहा जहाजं बांधून माझगावच्या हाताला बसलेली. पहिल्याच स्वतःच्या आराखड्यात हल (जहाजाचं धड), शस्त्रं आणि इंजिन तिन्ही एकदम नवं घ्यायचं नसतं. एक बिघडलं तर कोणामुळे बिघडलं तेच कळत नाही.

एकलहरे बॉयलर
1983 पुरतं मान्य. 2005 चं नाही.

पंचवटीकर
2005 साठी मीही भांडणार नाही. पण या वाफेवरच गोदावरी 1986 ला न्यूयॉर्कच्या संचलनाला गेली. नोव्हेंबर 1988 मध्ये मालदीवचे बंडखोर ओलीस घेऊन 'प्रोग्रेस लाइट'मधून पळाले, तेव्हा बेटवा या युद्धनौकेबरोबर तिने ते जहाज गाठलं. 1994 ला सोमालियातून आपली फौज परतताना तीच पाठीशी होती. 23 डिसेंबर 2015 ला निवृत्त, 32 वर्षं.

गंगापूर रोड
आराखडा आपला होता, एवढं लिहून देतो. 'सांगाडा' हा शब्द चुकला. शस्त्रांबद्दलचं मत तसंच.

पंचवटीकर
चालेल. आता मुद्द्याचं. तिची धाकटी बहीण गोमती 28 मे 2022 ला निवृत्त झाली, त्याच दिवशी लखनौत गोमतीकाठी तिचे अवशेष मांडायचा करार झाला. इथे आपण गोदावरीला गंगाच म्हणतो, "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो, पण काठावर या जहाजाची साधी पाटी नाही. 2027 च्या सिंहस्थासाठीच्या घाटाच्या कामांतच दगडात नाव, दोन तारखा आणि प्रोग्रेस लाइटची एक ओळ कोरून घ्या.

एकलहरे बॉयलर
आणि बॉयलरखान्यात राबलेल्या स्टोकरांचीही एक ओळ. ती असेल तर माझी सही घ्या.