मागच्या टायरमधील हवा हळूहळू उतरते. घरी दुरुस्ती कशी करावी?

प्रश्न
माझ्या मोटरसायकलच्या मागच्या ट्यूबलेस टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली, तर चार दिवसांत ती २४ वर येते. टायरच्या मधल्या भागात खिळ्याचे डोके रुतलेले दिसते. पट्टी, टोचा आणि सोल्यूशन असलेला पंक्चरचा संच माझ्याकडे आहे, मात्र तो मी कधी वापरलेला नाही. खिळा पकडीने ओढून लगेच पट्टी भरावी, की आधी आणखी काही पाहावे?

प्रतिसाद १
खिळ्याला तूर्त हात लावू नये. हवा तिथूनच जाते हे अजून ठरलेले नाही, आणि खिळा आरपार गेला नसेल, तर टोचा घुसवून आपण धडधाकट टायरला स्वतःच भोक पाडाल. गाडी डबल स्टँडवर न्यूट्रलमध्ये लावावी, हवा पूर्ण भरावी आणि साबणाचे दाट पाणी ब्रशने लावत चाक हाताने सावकाश फिरवावे. बोटे चेनपासून दूर ठेवावीत आणि इंजिन बंदच असावे. संथ गळतीत फेस एकदम उसळत नाही, मोहरीएवढे बुडबुडे मिनिटभराने एका जागी जमू लागतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी थांबून पाहावे लागते. खिळ्याभोवती, टायर रिमला टेकतो त्या दोन्ही कडांना आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी पाहून झाल्यावर टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावरही थेंबभर पाणी सोडावे. ही शेवटची जागा बहुतेक जण विसरतात.

प्रतिसाद २
गळती खिळ्यापाशीच निघाली, तर तो उपसताना कोणत्या कोनात शिरला आहे हे लक्षात ठेवावे, कारण टोचा त्याच दिशेने घालायचा असतो. भोक खरवडून झाल्यावर सोल्यूशन लावलेली पट्टी सुईत मधोमध ओवून आत दाबावी, दोन्ही टोके सुमारे एक सेंटीमीटर बाहेर राहिली की सुई झटक्यात सरळ मागे ओढावी आणि वर आलेला भाग कापून टाकावा. भोक टायरच्या बाजूच्या भिंतीत असेल, तर हा उद्योग घरी करू नये. माझ्या मते पट्टी ही तात्पुरतीच सोय असून टायर उतरवून आतून पॅच लावणे हीच खरी दुरुस्ती होय.

प्रतिसाद ३
ट्यूब असलेल्या चाकाला वरील पट्टी चालत नाही. तिथे ट्यूब बाहेर काढून पॅच लावावा, आणि ती परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापड फिरवून पाहावे. काट्याचे टोक राहिले असेल तर कापड तिथे अडकते.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. खिळ्याभोवती दहा मिनिटे थांबूनही काही दिसले नाही. व्हॉल्व्हच्या तोंडावर मात्र एक बुडबुडा फुगत जाऊन फुटला आणि लगेच दुसरा आला. आतली पिन घट्ट करूनही तो थांबेना, म्हणून ती फिरवून काढली, तेव्हा तिच्या रबरावर वाळूचा बारीक कण रुतलेला सापडला. नवी पिन बसवली. त्यानंतर खिळा उपसला, तो जेमतेम चार मिलिमीटर लांब होता आणि त्याच्या खळगीत साबणाचे पाणी स्थिर राहिले. गेले सहा दिवस रोज सकाळी, टायर थंड असताना, गेज ३२ दाखवत आहे.