लेखनगटात सामील होण्याचा खरा उपयोग काय?

प्रश्न: मी काही वर्षांपासून कथा लिहितो, पण घरच्यांपलीकडे त्या कोणी वाचलेल्या नाहीत. गावातल्या एका लेखनगटात जावेसे वाटते. मात्र इतरांच्या मतांमुळे स्वतःची शैली हरवेल का?

उत्तर १: उलट, ती सापडण्याचीच शक्यता अधिक. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात माधव जूलियन, यशवंत आणि गिरीश एकत्र होते, तरी तिघांच्या कवितेचा तोंडवळा वेगळाच राहिला.

उत्तर २: मला मोठ्याने वाचून दाखवण्याचे मोल सर्वांत जास्त वाटते. आपल्या कथेतील आजी आणि नात एकाच सुरात बोलत आहेत, हे कागदावर सहसा दिसत नाही, पण चारचौघांसमोर वाचताना जीभ अडखळली की लगेच ध्यानात येते. शिवाय पुढच्या बैठकीला काहीतरी न्यायचेच असते, त्यामुळे रखडलेल्या कथा पूर्ण होतात (निदान माझ्या तरी).

उत्तर ३: जिथे केवळ ‘वा, छान!’ चालते, तिथे वेळ दवडू नये. लेखकाने आधी गप्प बसून ऐकावे आणि खुलासे शेवटी करावेत, असा नियम पाळणारा गट शोधावा. वाचक नेमका कुठे गोंधळला, हे त्याखेरीज समजत नाही.