एआयने लिहिलेला कोड मुख्य कोडमध्ये मर्ज करताना तुम्ही किती तपासता?

हिंजवडीकर_२९
नमस्कार मंडळी, जावा बॅकएंडला ४ वर्षं झाली, गेलं वर्षभर ऑफिसात एआय असिस्टंट वापरतोय आणि खरं सांगतो, आता त्याच्याशिवाय हातच चालत नाही. मागच्या महिन्यात पेमेंट सर्व्हिसला टाइमआउट आला, म्हणजे वेळेत उत्तर आलं नाही, तर परत ट्राय करायचा कोड त्याच्याकडून लिहून घेतला, टेस्टही त्यानेच लिहिल्या, सगळ्या हिरव्या म्हणजे पास, सिनियरने अप्रूव्ह केलं. लाइव्ह गेल्यावर दोन दिवसांत सपोर्टची तिकिटं सुरू, काही जणांचे पैसे दोनदा कट. पहिली रिक्वेस्ट बँकेत पोचली होती, उत्तर यायला फक्त उशीर झाला, आणि आमच्या कोडने नवीन ट्रान्झॅक्शन आयडी बनवून परत पाठवली, म्हणजे बँकेला ते वेगळंच पेमेंट वाटलं. मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, आयडी लूपच्या आत, म्हणजे प्रत्येक ट्रायला नवा, का बनतोय? मला काही सांगताच येईना, ती ओळ मी वाचलीच नव्हती. रिफंड दिले सगळ्यांना, पण मन लागत नाहीये. वापरणं बंद करू का?

जुना_जावावाला
बंद नको करू रे. पण टेस्ट त्याच्याकडून घेऊ नकोस, निदान पैशाच्या ठिकाणी तरी. कोड लिहिताना त्याने टाइमआउट म्हणजे फेल असं धरलं, टेस्ट लिहितानाही तेच धरलं, मग हिरवं दिसणारच ना. आणि तुझ्या सिनियरने काय बघून अप्रूव्ह केलं? एकट्याने मनाला लावून घेऊ नकोस.

प्राची_देवऑप्स
एआयने वेग वाढतो हे पण तपासून बघा एकदा. एमईटीआर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर घेऊन प्रयोग केला, त्यांच्याच ओळखीच्या प्रोजेक्टवर, एआय वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण २० टक्के फास्ट झालो. नवीन कोडबेसला चित्र वेगळं असेल, पण आपल्याला वाटतं त्यावर जाऊ नये एवढं मला पटलं.

पॅकेज_बघून_टाका
अजून एक, एआय सांगेल ते पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) डोळे झाकून इन्स्टॉल करू नका. नसलेली नावं बिनधास्त सांगतो. एका सिक्युरिटीवाल्याने अशाच एका नावाचं, हगिंगफेस-सीएलआय, रिकामं पॅकेज टाकून ठेवलं तर ३ महिन्यांत ३० हजारांवर डाउनलोड झाले. तिथे कोणी चोराने कोड ठेवला असता तर? आणि कंपनीचा कोड बाहेरच्या चॅटमध्ये पेस्ट करू नका, २०२३ मध्ये सॅमसंगच्या लोकांनी केला होता, नंतर कंपनीने असली टूल्सच बंद केली.

हिंजवडीकर_२९
थँक्स सगळ्यांना. @जुना_जावावाला दादा, तुमचं वाचून आज बसलो, बँक उशिरा हो म्हणते ही एकच टेस्ट हाताने लिहिली आणि जुन्या कोडवर चालवली. पहिल्याच रनला लाल. वीस मिनिटं लागली लिहायला, तेवढीच.