पाहियास : लुकबान गावाचा सण

कुणीतरी लिहिलंय की लुकबानचा पाहियास म्हणजे पर्यटकांसाठी केलेली सजावट. हे मला पटत नाही. लुकबान हे फिलिपिन्सच्या केसोन प्रांतातलं, बानाहाव डोंगराच्या पायथ्याचं शेतकऱ्यांचं गाव. दर १५ मे रोजी शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याचे आभार मानायला लोक घरावर आपलं पीक टांगतात: भाताच्या लोंब्या, भाज्या, फळं, शेतात जे आलं ते. संताच्या मूर्तीची मिरवणूक दरवर्षी वेगळ्या रस्त्याने जाते, म्हणून सजवायची पाळी आलटून पालटून सगळ्यांची येते. ही वाटणी मला फार आवडते.

सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे किपिंग. तांदळाचं पातळ, रंगीत पीठ खऱ्या झाडाच्या पानावर पसरतात, वाफवतात, मग अलगद सोलून वाळवतात. पानाच्या शिरा जशाच्या तशा उमटतात. उन्हाकडे धरलं की लाल-हिरवं काचेचं पानच वाटतं! आपल्याकडे पानावर वाफवलेल्या तांदळाच्या फेण्या करतात, त्यांचीच सख्खी बहीण म्हणा. अशी शेकडो पानं गुंफून झुंबरं करतात आणि ती खिडक्यांतून लटकतात. सण झाला की किपिंग तळून खाताही येतं.

आणि कुणी गेलात तर पानसित हाबहाब चुकवू नका. केळीच्या पानावर शेवयांसारख्या नूडल्स, वरून व्हिनेगर. काटा-चमचा नाही, हातही लावायचा नाही. पान उचलून थेट तोंडाला लावायचं. पोरंसोरं रस्त्यात उभ्या उभ्या खातात.